बारा पावलं

आमच्या फुटबॉल लीगच्या खाली आणखी एक लीग आहे म्हणतात, पण ती कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. आमच्या लीगमधले लोक आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करतात, फरशा बसवतात, सही जुळत नाही म्हणून लोकांना बँकेतून परत पाठवतात, आणि रविवारी एकमेकांच्या नडग्या फोडतात. याला ते खेळ म्हणतात. माझा नवरा, म्हणजे लिफ्टवाला, गेली एकोणीस वर्षं या खेळात गोलकीपर आहे. टीममध्ये त्याला ‘भिंत’ म्हणतात. घरात एखादा खिळा ठोकायला सांगितला की ही भिंत तीन महिने जागची हलत नाही, त्यामुळे नाव चुकलंय असं मी म्हणणार नाही.

यंदा काय ग्रह फिरले कोण जाणे, आमचा क्लब कपच्या फायनलला पोचला. याआधी पोचला होता तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, आणि तेव्हाही हरलाच होता. फायनल आमच्याच ग्राउंडवर. समोर बेकरीवाल्यांची टीम. पहाटे तीनला उठून पीठ मळणारी माणसं, दंड बघा एकेकाचे. गल्लीत जो तो कपाबद्दल बोलत होता. मला कपाचं सोयरसुतक नव्हतं. माझा जीव अडकला होता सासऱ्यांमध्ये.

बाबा त्याच क्लबचे ग्राउंड्समन. चौतीस वर्षं गवत कापतायत, पाणी मारतायत, चुन्याच्या फक्कीने रेघा ओढतायत. या क्लबला आजवर चुना लावणाऱ्या सगळ्या माणसांमध्ये हा एवढा एकच प्रामाणिक. बाकीच्या रेघांना कोपऱ्यांवर जमिनीत खुंट्या पुरलेल्या आहेत. दोरी ताणायची आणि फक्की सोडायची, त्यात अक्कल लागत नाही असं ते म्हणतात. पेनल्टीच्या ठिपक्याला मात्र खुंटी नाही. तो बाबा पावलांनी मोजतात. गोलच्या रेषेवर गोलकडे पाठ करून उभं राहायचं, बारा पावलं टाकायची, बाराव्याला टाच रोवायची, तिथे ठिपका. टेपला हात लावायचा नाही. एकदा लीगचे साहेब टेप घेऊन तपासायला आले होते. अर्ध्या बोटाचा फरक निघाला. बाबा म्हणाले, “टेप ताणलाय तुमचा.” साहेबांनी चिडून दुसरा टेप मागवला, तर पहिला खरंच ताणलेला निघाला. तेव्हापासून मोजमापाच्या बाबतीत त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नाही. माझीही नाही, आणि मी शिवणकाम करते, दिवसभर मापंच घेते.

चार महिन्यांपूर्वी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा नवा बसला, स्वभाव जुनाच राहिला. तीन महिने ते घरी होते, आणि त्या तीन महिन्यांत मी काय भोगलं ते माझं मला माहीत. भांड्यांचं कपाट सरळ नाही, पडदा एका बाजूने लोंबतोय, गिऱ्हाइकाच्या शर्टाचं चौथं बटण एक सूत खाली आहे. एकदा तर बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंतचा पॅसेज त्यांनी चालून बघितला आणि मध्येच थांबले.

“हा नऊ पावलांचा होता,” म्हणाले. “आज दहा कसा झाला?”

“वाढत्या वयाचा असेल,” मी म्हणाले.

त्यांनी बिल्डरला शिव्या घातल्या. त्या माणसाने वीस वर्षांपूर्वी बांधलेलं घर आता लांबवलं असावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मी हसले आणि शिवायला बसले. तेव्हाच डोकं चालवायला हवं होतं, पण नाही चाललं.

त्याच दिवसांत क्लबचा सचिव फळं घेऊन बघायला आला. याचं औषधाचं दुकान आहे. माणूस आजारी असला की याला अगदी मनापासून आनंद होतो. गोड गोड बोलत सफरचंद पुढे केलं आणि म्हणाला, “काका, आता जरा आराम करा. एक कंत्राटदार आहे, त्याच्याकडे रेघा मारायचं यंत्र आहे. तासाभरात सगळं ग्राउंड आखून देतो.”

“यंत्राला गवत कळतं का?” बाबांनी विचारलं.

“काका, कमिटीचं मत पडलंय.”

“कमिटीतल्या कुणाला गवत कळतं?”

शेवटी नवऱ्याने मध्ये पडून असं ठरवलं, की फायनलची आखणी बाबा करतील. आखणीबद्दल एकही तक्रार आली नाही, तर पुढचा हंगाम त्यांचा. एक जरी आली, तरी ग्राउंडच्या किल्ल्या सचिवाकडे. बाबा म्हणाले, “मंजूर.” सचिव गेल्यावर त्यांनी ते सफरचंद बाजूला सारलं आणि मला म्हणाले, “घरी बसवलं ना, तर वर्षभरात मरेन मी.” हे ते नाटक म्हणून म्हणाले नव्हते. मी त्यांना ओळखते. सासूबाई गेल्यावरसुद्धा तिसऱ्या दिवशी ते पहाटे उठून ग्राउंडवर गेले होते, आणि तिथूनच माणसात आले होते.

शनिवारी सकाळी मी चहाचा थर्मास घेऊन ग्राउंडवर गेले. दोन्हीकडच्या रेघा मारून झाल्या होत्या, अगदी कोऱ्या वहीसारख्या. अलीकडच्या गोलसमोरची माती बाबा दवाखान्यात असताना उकरून नवी टाकली होती आणि ती बसेपर्यंत मॅच दुसरीकडे झाल्या होत्या, त्यामुळे तिथे जुन्या ठिपक्याची खूणसुद्धा उरलेली नव्हती. बाबा गोलच्या रेषेवर उभे राहिले, छाती काढली आणि निघाले. एक, दोन, तीन. ओठ हलत होते. बाराव्याला टाच रोवली.

मी लांबून बघत होते. माझा डोळा मापाचा आहे. माणूस दुकानाच्या दारातून आत येईपर्यंत मला त्याची कंबर कळते. ठिपका जवळ होता. दोन हात तरी जवळ.

“बाबा,” मी म्हणाले, “जरा अलीकडे नाही ना वाटत?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या आईवरून काही बोलले. “तू ब्लाउज बेत, सूनबाई.”

मी चहा ओतला. खरं सांगायचं तर मी घाबरले. वाद झाला असता, कुणीतरी टेप आणला असता, ती पहिली तक्रार ठरली असती. शिवाय आमची टीम पेनल्टीपर्यंत पोचतेय कशाला? त्याआधीच दोन-चार गोल खाऊन मोकळी होईल, असं मी मनाला समजावलं. स्वतःच्या नवऱ्याच्या टीमवर एवढा विश्वास फार कमी बायकांचा असतो.

पण त्या दिवशी नेमकं टीमला शहाणपण सुचलं. रविवारी बेकरीवाल्यांनी पहिल्या दहा मिनिटांत गोल केला आणि मग दमले. पहाटे तीनला उठणाऱ्या माणसांना दुपारी चारला झोप येणारच. आमच्या फरशीवाल्याने सत्तराव्या मिनिटाला डोळे मिटून एक लाथ घातली, बॉल कुणाच्या तरी पाठीला लागून आत गेला. एक-एक. फरशीवाला असा पळत सुटला, की त्याला पकडायला दोघांना पाठवावं लागलं. जादा वेळात कुणालाच पळवेना. दोन्ही टीम एकमेकांना वाट देत चालत होत्या. रेफरी आमचा दातांचा डॉक्टर, त्याने घड्याळ बघून शिट्टी मारली आणि म्हणाला, पेनल्टी. नाणं उडवलं, आणि गोल आला तो नेमका अलीकडचा, नव्या मातीचा. 

आता हे ऐका. पेनल्टी हीच माझ्या नवऱ्याची खासियत. त्याच जोरावर त्याचं एकोणीस वर्षं चाललंय. सेमीफायनलला त्याने चारपैकी तीन अडवल्या होत्या. लोकांनी पेनल्टी म्हटल्यावर टाळ्याच वाजवल्या, जणू कप मिळालाच.

बेकरीवाल्यांचा पहिला आला. मारला. नवरा बरोबर बाजूला झेपावला, पण त्याचा हात पोचेपर्यंत बॉल जाळीत जाऊन विसावलेला होता. आमच्या पहिल्याने मारला, त्यांचा गोलकीपरही तसाच बघत राहिला. दुसरा, आत. तिसरा, आत. पाच-पाच झालं. पुढे एकेक जोडी सुरू झाली. सहा-सहा. ज्यांना आयुष्यात रिकाम्या गोलमध्ये बॉल घालता आला नाही असे बहाद्दरसुद्धा मारत होते आणि बॉल आत जात होता.

लोकांना काय, आरडायला निमित्त हवं. “भिंत पडली रे!” कुणीतरी ओरडलं. “म्हाताऱ्याला खुर्ची द्या!” अहो, हीच माणसं मागच्या रविवारी त्याला खांद्यावर घेऊन नाचत होती. माझ्या शेजारी बाबा उभे होते, त्यांच्या पलीकडे सचिव. सचिव मान हलवत म्हणाला, “वय झालं हो. बापाने थांबायचं नाही, लेकाने थांबायचं नाही. घराणंच तसलं.”

गोल झाला की नवरा जाळीतून बॉल काढायचा आणि पुढच्याला द्यायला ठिपक्यापर्यंत चालत यायचा. बाबांची नजर त्याच्या पायांवर होती. चालायला त्यांनीच त्याला शिकवलेलं, पावलं मोजायलाही त्यांनीच शिकवलेलं. या दोघांचं पाऊल एका मापाचं, पँटी मीच शिवते म्हणून मला पक्कं माहीत आहे. बाबांचे ओठ हलायला लागले. मीही मनात मोजलं. नवरा रेषेवरून निघाला आणि अकराव्या पावलाला ठिपक्यावर उभा होता.

बाबांनी पुढच्या वेळी परत मोजलं. परत अकरा. मग त्यांनी स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं इथेच खाली बसतात. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांना दिसलीच नाही.

नऊ-नऊ. मला राहवेना. मी कुंपणाच्या कडेने पळत गोलच्या मागे गेले आणि जाळीला तोंड लावून नवऱ्याला म्हणाले, “अरे, ऐक. ठिपका जवळ आहे.”

“माहितीये,” तो मागे न बघता म्हणाला. “ओरडू नकोस.”

“माहितीये? कधीपासून?”

“दुपारी प्रॅक्टिसला उभा राहिलो तेव्हाच. मी एकोणीस वर्षं इथे काय गवत उपटतोय?”

“मग बोलला का नाहीस? लोक काय वाट्टेल ते बोलतायत तुला!”

“बोलू देत. सचिव कुठे उभा आहे बघ, आणि बाबा कुठे उभे आहेत बघ.” मग त्याने ग्लोव्हज झटकले. “जा तू तिकडे. त्यांच्याजवळ थांब.”

या माणसाला मी बारा वर्षं आळशी म्हणत आले. अजूनही म्हणते, तो आहेच. पण त्या क्षणी मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं, आणि मध्ये ती मेली जाळी होती.

मी परत आले. दहा-दहा. दोन्हीकडचे दहा-दहा जण संपले, आता फक्त गोलकीपर राहिले. बेकरीवाल्यांचा गोलकीपर आला, त्याने मारला, माझा नवरा झेपावला, बॉल आत. अकरा-दहा. आता नवऱ्याने मारायचा. मारला तर खेळ पुढे, चुकला तर कप बेकरीत.

गर्दीतून एक आवाज आला, “अडवता येत नाही, मारणार काय डोंबल!” सगळे हसले. सचिवही हसला. नवऱ्याने बॉल ठिपक्यावर ठेवला आणि मागे सरकू लागला. एवढ्यात माझ्या शेजारची जागा रिकामी झाली.

बाबा मैदानात निघाले होते. एक पाय ओढत, हात वर करून, थेट रेफरीकडे. चौतीस वर्षांत मॅच चालू असताना त्यांनी आतल्या गवताला पाय लावला नव्हता. 

“थांबवा,” ते म्हणाले. “ठिपका चुकलाय.”

नवरा तिथूनच ओरडला, “बाबा, बाहेर व्हा! डॉक्टर, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, त्यांची औषधं चालू आहेत!”

“औषधं आज घेतली,” बाबा म्हणाले. “ठिपका काल मारलाय. मी मारलाय. जवळ आहे तो, एका पावलाने. माझं पाऊल आखूड झालंय आणि मला ते कळलं नाही. पोराची काही चूक नाही. देवाला उभं केलंत तरी एवढ्या जवळून अडवता येणार नाही.”

बापाने खरं बोलायला मुहूर्त बघा कसा काढला! बावीसपैकी एकवीस पेनल्ट्या जवळून मारून झाल्या, आणि शेवटची, जी आपल्या पोराला सोपी जाणार होती, नेमकी तिच्या आधी यांना कंठ फुटला. दुसरा कुणी असता तर पाच मिनिटं कळ काढली असती. पण बाबांच्या डोक्यात कप नव्हताच. लोक आपल्या पोराला हसले, एवढंच त्यांना दिसत होतं.

सचिव क्लबच्या खोलीतून टेप घेऊन आला. एरवी चावी सापडायला अर्धा तास लावणारा माणूस, पळत गेला आणि पळत आला. मोजलं. बेचाळीस इंच कमी. एका उंच माणसाच्या पँटची लांबी. सचिवाने तो आकडा तीनदा मोठ्याने वाचला, मागच्या रांगेतल्या बहिऱ्या माणसालाही ऐकू जावा म्हणून.

डॉक्टरने खिशातलं नियमाचं पुस्तक काढलं, पुढून चाळलं, मागून चाळलं. असला प्रकार त्यात कुणी लिहिलेलाच नव्हता. शेवटी दात उपटायचा असला की करतो तसा चेहरा करून त्याने निकाल दिला: झालेल्या किक झाल्या, त्या दोन्ही टीमना सारख्याच. उरलेली खऱ्या ठिपक्यावरून. सचिवाने टेप धरला, आणि बाबांनी स्वतः खाली बसून, नव्या गुडघ्याने जमत नव्हतं तरी बसून, तिथे फक्कीचा नवा ठिपका मारला. कुणीतरी उठवायला हात दिला. तो त्यांनी घेतला नाही.

नवऱ्याने बॉल नव्या ठिपक्यावर ठेवला. बापाकडे एकदा बघितलं. मारला, आणि बरा मारला हो, जमिनीलगत, डाव्या कोपऱ्यात. जुन्या ठिपक्यावरून डोळे झाकून आत गेला असता. बेकरीवाल्यांचा गोलकीपर झेपावला. बिचाऱ्याला दिवसभरात पहिल्यांदाच पोचायला वेळ मिळाला होता. त्याचा हात पोचला. बॉल खांबाबाहेर गेला.

बेकरीवाले नाचायला लागले. आमच्याकडचे लोक घरी जायला वळले. मग हळूहळू एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडायला लागला. अंतर बरोबर झालं आणि पहिलीच पेनल्टी अडवली गेली. म्हणजे भिंत पडली नव्हती. जो माणूस खुर्ची द्या म्हणून ओरडला होता, तो कुंपण ओलांडून आला आणि नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून गेला. माफी वगैरे मागितली नाही. आमच्याकडे तेवढी पद्धत नाही.

बाबांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. फाटकाची, पाण्याच्या पंपाची, फक्कीच्या खोलीची. सचिव मागायच्या आधीच त्याच्या हातात ठेवला. “पंपाची किल्ली जरा उलटी फिरवावी लागते,” एवढंच म्हणाले. सचिव नुसता किल्ल्यांकडे बघत राहिला.

आम्ही तिघं घरी निघालो. कोपऱ्यावरच्या दिव्यापाशी बाबा एकदम थांबले.

“तुला कळलं होतं?” त्यांनी नवऱ्याला विचारलं. “ठिपका जवळ आहे ते?”

“नाही,” नवरा म्हणाला.

“अजिबात नाही?”

“अजिबात नाही, बाबा.”

झालं! बाबांचा पाराच चढला. “एकोणीस वर्षं गोलमध्ये उभा राहतोस, आणि तुला बारा पावलं कळत नाहीत? डोळे आहेत का बटणं? लहानपणी तुला हाताला धरून शिकवलं ते काय पाण्यात गेलं? एक माणूस आजारी, त्याचं चुकतं एखाद्या वेळी, पण तू? तू बोलायला नको?”

“चुकलं, बाबा.”

“लक्ष कुठे असतं तुझं?”

“चुकलं म्हणालो ना.”

मी तोंड उघडलं. नवऱ्याने चालता चालता माझा हात धरला आणि इतका घट्ट दाबला, की मी मिटलं. बाबा घर येईपर्यंत त्याला झाडत होते. आवाज चांगला खणखणीत लागला होता, दुपारपासून पहिल्यांदाच. नवरा मान खाली घालून हो हो म्हणत होता. मी त्यांच्या मागून चालत होते, पदराने डोळे पुसत. दोघांपैकी एकानेही मागे वळून बघितलं नाही, ते बरंच झालं.